मार खाता आला पाहिजे

उदगीरकडच्या एका पोराने विचारलंय. पोरगा छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकतो. उंची सहा फूट, दोन वर्षं जिम मारून अंग कमावलेलं. मित्रांनी मिळून अठरा मिनिटांची फिल्म केली, त्यात याची पाच जणांशी हाणामारी. गणपतीत गावात पडदा लावून दाखवली, तर म्हाताऱ्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळे हसले. त्याचा प्रश्न असा: "वस्ताद, अंग आहे, उंची आहे, फाइट तीन दिवस बसवली होती, तरी मी खोटा का वाटलो? आणि काही नट काडीपैलवान असूनही हाणामारीत खरे कसे वाटतात?"

मी अंबाजोगाई तालुक्यातला. तालमीतनं उठून मुंबईला गेलो आणि बावीस वर्षं फायटर म्हणून काम केलं. फायटर म्हणजे हिरोच्या ठोशाने जो उडून पडतो तो. शेवटची काही वर्षं फाइट मास्टरचा असिस्टंट होतो. पडद्यावर किती वेळा मेलो याचा हिशेब नाही. आमच्या आईने एका पिक्चरमध्ये मला तीनदा मरताना बघितलं, तीन वेगवेगळ्या मिशा लावून. आता गुडघे बोलायला लागले म्हणून लातूरला येऊन पोरांना शिकवतो. तेव्हा मी जे सांगणार ते खाली पडलेल्या माणसाच्या नजरेतनं आहे. हिरोला खालून बघितलं की तो वेगळाच दिसतो.

गावकरी हसले म्हणून त्यांच्यावर डूख धरू नको. आपल्याकडचा माणूस कुस्त्या बघत मोठा होतो. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत, नाहीतर कुठल्याही गावच्या उरुसात शेवटच्या कुस्तीला जी गर्दी बसते, तिच्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात लंगोट लावलेला नसतो. पण दोघांनी आधी ठरवून जोड खेळली, तर पाच मिनिटांत ओरडा सुरू होतो, "नुरा हाय, नुरा हाय!" कसं कळतं त्यांना? मांड्या थापटलेल्या असतात, हात गुंतलेले असतात, चेहरे लाल झालेले असतात. पण पायाखालची माती हलत नाही. खऱ्या झटापटीत टाचा रुततात, अंगठे माती उकरतात, कुस्ती संपल्यावर तिथं नांगर फिरल्यासारखं दिसतं. नुरा कुस्तीत माती सकाळी पसरली तशीच राहते. तुझी क्लिप मी चारदा बघितली. पाचही जणांना तू लोळवलंस आणि तुझ्या बुटाखालची धूळसुद्धा उडाली नाही.

पडद्यावरचा ठोसा कसा बनतो ते नीट समजून घे, सगळी मेख तिथं आहे. मारणाऱ्याची मूठ समोरच्याच्या जबड्यापासून वीतभर तरी लांबून जाते. कॅमेरा असा लावतात की ती वीत दिसू नये, म्हणजे मारणाऱ्याच्या खांद्यामागून किंवा मार खाणाऱ्याच्या पाठीमागून. लांबून मोठी लेन्स लावली की अंतर आणखी चपटं होतं, मूठ आणि गाल एकाला एक चिकटल्यासारखे दिसतात. कॅमेरा दोघांना आडवा, बाजूने बघायला लागला की वीत उघडी पडते. तुझ्या कॅमेरावाल्या दोस्ताने नेमकं तेच केलंय, पण ते एका दिवसात सुधारेल. पुढचं अवघड आहे. ठोसा लागला असं बघणाऱ्याला वाटतं ते मार खाणाऱ्यामुळे. मूठ गालासमोरून गेली त्याच क्षणी त्याची मान वळली पाहिजे, मानेमागे खांदा, खांद्यामागे कंबर, आणि मग पाय सुटले पाहिजेत. आमच्यात याला रिॲक्शन देणं म्हणतात. मी अर्धा ठोका उशिरा वळलो, तर हिरोने कितीही जीव काढून मारलं तरी तो हवेत माश्या मारणारा दिसतो. मी टायमात वळलो, तर ज्याने जन्मात कुणाला चापट मारली नाही तोसुद्धा भीम दिसतो. बावीस वर्षं मी याच कामाची रोजंदारी घेतली.

म्हणजे हिरोच्या मारण्यात जी ताकद दिसते ती आमच्या अंगातली असते. ती त्याला उसनी देता येते. मार खाण्याची ताकद मात्र उसनी मिळत नाही, ती त्यालाच दाखवावी लागते, आणि बहुतेक खोटे हिरो तिथंच उघडे पडतात. व्हिलनने ठोसा मारला की यांची मान दोन बोटं वळते. खाली पडले तरी केस विस्कटत नाहीत. उठतात ते पडायच्या आधीच्याच चेहऱ्याने. एकदा का बघणाऱ्याला कळलं की याला काही लागत नाही, मग पुढं याने पन्नास माणसं उडवली तरी त्यात राम राहत नाही. ज्याला लागतच नाही त्याच्या शौर्याचं काय कौतुक?

एक किस्सा सांगतो, नाव सांगणार नाही. गोदामातला सीन. व्हिलनने हिरोच्या गुडघ्यावर लोखंडी रॉड मारायचा, तो कोसळणार, मग लंगडत उठून सगळ्यांना मारणार. मास्टरने छान बसवलं होतं, प्रत्येक ठोशात त्या गुडघ्याचा विचार केलेला. रॉड मारून झाला, हिरो पडला, शॉट ओके. पुढच्या शॉटला हे साहेब दणदणत पळत आले. मास्टर म्हणाले, "सर, गुडघा." सर काही बोलले नाहीत. त्यांचा सेक्रेटरी बाजूला येऊन म्हणाला, "सर लंगडणार नाहीत." लंगडा हिरो त्यांच्या चाहत्यांना आवडत नाही म्हणे. पिक्चर आला तेव्हा मी सुट्टीवर गावी होतो, मामाला घेऊन अंबाजोगाईला बघायला गेलो. तो सीन आला आणि अंधारात मामा मोठ्याने म्हणाला, "आरं, ह्येचा गुडघा बरा झाला की एवढ्यात! कुठल्या डाक्टरला दाखवलं?" आसपासच्या चार रांगा हसल्या. त्या चार रांगा त्या सेक्रेटरीला कधी दिसल्या नसतील.

ही खोड आपल्याकडचीच आहे असं समजू नको. २०१९ साली अमेरिकेच्या वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी छापली होती, की गाड्यांच्या शर्यतींवरच्या त्या गाजलेल्या 'फास्ट अँड फ्युरियस' मालिकेतले मोठे नट आपण पडद्यावर किती मार खायचा यावर घासाघीस करतात. एकाने तर आपल्याला किती मार बसावा याची मर्यादाच करारात ठरवून घेतली होती. बातमी वाचून मला आमच्या तालमीतला एक पोरगा आठवला. तो फक्त अशाच पैलवानाशी जोड लावून घ्यायचा ज्याला तो हमखास पाडू शकेल. वस्ताद त्याला म्हणायचे, "तुझी कुस्ती बघायला तुझी आयसुद्धा यायची न्हाई."

आता उलट बाजू बघ. जॅकी चॅन कुणाला ठोसा मारला की पुष्कळदा स्वतःचाच हात झटकतो, तोंड वाकडं करतो. हाड हाडावर आदळलं की मारणाऱ्यालाही लागतं, हे त्याला ठाऊक आहे, कारण लहानपणापासून कसरती शिकवणाऱ्या चिनी ऑपेरा शाळेत तो पडण्यात आणि झेलण्यात वाढला. १९८५च्या 'पोलीस स्टोरी'त शेवटी नावं येताना चुकलेले शॉट आणि झालेल्या जखमा दाखवल्या आहेत. तो आपलं दुखणं लपवत नाही, उलट मिरवतो. ब्रूस विलिसचंही तसंच. १९८८ला 'डाय हार्ड' आला तेव्हा लोक त्याला टीव्हीवरचा विनोदी नट म्हणून ओळखायचे, हा कसला मारामारी करणार असं वाटावं असाच चेहरा. त्या पिक्चरमध्ये त्याच्या पायात बूट नाहीत आणि फरशीवर काचांचा खच पडलेला आहे. रक्ताळलेले पाय ओढत तो बाथरूममध्ये जातो, काचा उपटतो, आणि त्या दोन मिनिटांनंतर तो काहीही करो, आपण त्याच्या बाजूने बसतो. टॉम क्रूझने २०१७ला लंडनमध्ये एका इमारतीवरून दुसरीवर उडी मारताना घोटा मोडला. तो शॉट पुढच्या वर्षीच्या 'मिशन इम्पॉसिबल'मध्ये तसाच ठेवलाय, मोडका पाय टाकत तो कॅमेऱ्याबाहेर जातो तोही. मी पोरांना तो शॉट दाखवतो. घोटा मोडून घ्या असं सांगायला नव्हे, दुखणाऱ्या पायावर माणूस वजन कसं टाकतो ते बघायला.

पण तुझ्या काडीपैलवानाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर अमिताभ बच्चनकडे जावं लागेल. १९७३ला 'जंजीर' आला. त्याआधीचे त्याचे बरेच पिक्चर पडले होते. लांबच लांब पाय, बारीक हात, छातीही अशी काही भरलेली नाही. आमच्या वस्तादांनी त्याला तालमीच्या दारात उभं केलं नसतं. तरी सबंध देशाला वाटलं की हा माणूस वीस जणांना मारू शकतो. का वाटलं? माझ्या मते अर्धं उत्तर पहिल्या ठोशाच्या आधीचं आहे. १९७५च्या 'दीवार'मध्ये गुंड त्याला गावभर शोधतायत आणि हा त्यांच्याच गोदामात खुर्चीवर पाय पसरून बसलाय. मग उठतो आणि आपल्याच हाताने दाराला कुलूप लावून किल्ली त्यांच्याकडे फेकतो. अजून एकही हात उचललेला नाही, पण मारामारी तिथंच ठरली. हा माणूस मार खायला तयार होऊन आलाय, हे त्या कुलपाने सांगितलं. पुढच्या फाइटमध्ये तो खातोही भरपूर. धडपडतो, आदळतो, घामाने निथळतो, आणि प्रत्येक वेळी उठताना थोडा जास्त चिडलेला असतो. त्याचा राग फाइटच्या आधीपासून चालत आलेला असतो. बाकीच्यांना तो 'ॲक्शन' ऐकल्यावर येतो. शिवाय तो डावखुरा. डावा हात लांबून घुमून येतो तेव्हा बघणाऱ्याला अंदाज येत नाही, आणि एवढ्या उंचीचा माणूस कमरेतून वळला की वाऱ्याने झाड वळल्यासारखं दिसतं. अंग नसेना का, कंबर होती.

त्याच अमिताभचा २६ जुलै १९८२चा अपघात तुला माहीत असेल. बंगळुरूत 'कुली'चं शूटिंग, एका फाइटमध्ये टेबलाचा कोपरा पोटात बसला आणि माणूस मरणाच्या दारात गेला. आमच्या धंद्यातला प्रत्येक जण तो दिवस आठवून सांगतो, की वीतभराचं अंतर आणि अर्ध्या ठोक्याचा टायमिंग ही थट्टा नव्हे. तुझ्या क्लिपमध्ये एकाला तू खरोखर मारलंयस, मला दिसलं. त्याचा ओठ फुटला असणार. खरा मारल्याने फाइट खरी होत नाही, दोस्त मात्र कमी होतात.

आता तुझ्या जिमकडे येतो, वाईट वाटून घेऊ नको. तुझी छाती झकास आहे, दंडही आहेत. पण ते अंग उभं राहून आरशात बघायला केलंय. ठोसा निघतो टाचेतून. टाच जमिनीला रेटा देते, तो रेटा मांडीतून कमरेत येतो, कंबर वळते, मग खांदा, आणि मूठ सगळ्यात शेवटी. जिमच्या मशीनवर बसून हातापुरतं कमावलं की कंबर झोपून राहते. छाती आणि खांदे इतके आवळतात की हात वळताना सगळं धड लाकडासारखं एकदम वळतं. शर्ट काढायच्या सीनची तर आणखी एक गंमत असते. त्या दिवशी शिरा दिसाव्यात म्हणून नट आदल्या दिवसापासून पाणी तोडतात, मीठ तोडतात. पडद्यावर तो सगळ्यात दणकट दिसतो त्या दिवशी प्रत्यक्षात तो सगळ्यात कमजोर असतो. असाच एक हिरो उन्हाळ्यात दुसऱ्या टेकला माझ्या अंगावर आला तो आलाच. स्क्रिप्टप्रमाणे मी पडायचं होतं, पडला तो. मी त्याला झेलला, युनिटने टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं रिहर्सल आहे.

पाय खोटं बोलत नाहीत याचं माझ्या बघण्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण हॉलिवूडचं आहे. २०१९चा 'द आयरिशमन'. रॉबर्ट डी नीरोसारखा नट, अभिनयात त्याच्यापुढं बोलायची कुणाची टाप नाही. कॉम्प्युटरने त्याचा चेहरा तरुण केला. एका सीनमध्ये तो एका दुकानदाराला फुटपाथवर पाडून लाथा मारतो. चेहरा चाळिशीचा आणि पाय सत्तरी ओलांडलेले. लाथ मारताना तो आधी तोल सांभाळतो, मग पाय उचलतो, मग परत तोल सांभाळतो. कोट्यवधी रुपयांचं तंत्रज्ञान त्या तोल सांभाळण्यापुढं हरलं. त्याच्याही आधी, १९८५ला, रॉजर मूर ५७व्या वर्षी शेवटच्या वेळी जेम्स बाँड झाला. पळण्या-उड्या मारण्याच्या जवळजवळ प्रत्येक शॉटला डबल, म्हणजे त्याच्या जागी दुसराच माणूस, आणि तो डबल आहे हे पार मागच्या खुर्चीवरूनही कळतं. त्या भूमिकेसाठी आपलं वय झालं होतं हे मूरने पुढं स्वतःच मोकळेपणी कबूल केलं. मला त्याबद्दल तो आवडतो.

मग तू म्हणशील, खरे पैलवानच हिरो करावेत. तेही जमत नाही. मी स्वतः तालमीतले चार तगडे गडी मुंबईला नेले होते, त्यातले तीन महिन्याभरात परत आले. पैलवान आयुष्यभर एकच गोष्ट शिकतो, आपला डाव समोरच्याला आधी कळू द्यायचा नाही. पट काढायचा, म्हणजे पाय धरून ओढायचा असेल तर नजर मानेकडे ठेवायची. दुखलं तर तोंडावर दिसू द्यायचं नाही, दिसलं की समोरचा तिथंच दाबणार. आणि पिक्चरला सगळं उलटं लागतं. डाव समोरच्याला कळता कामा नये, पण कॅमेऱ्याला कळलाच पाहिजे. दुखणं समोरच्यापासून लपवायचं आणि प्रेक्षकाला दाखवायचं. खरी कुस्ती चांगली असते तेव्हा एका झटक्यात संपते, निम्म्या लोकांना काय झालं ते कळतही नाही, शेजारच्याला विचारावं लागतं. दारासिंगला ही दोन्ही कामं जमली म्हणून १९६२च्या 'किंग काँग'नंतर त्याचं मोठं नाव झालं. आखाड्यातला माणूस असून त्याच्या चेहऱ्यावर एक भोळेपणा होता, मार बसला की लोक कळवळायचे. आपल्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार, १९६९चे महाराष्ट्र केसरी, त्यांच्या कुस्त्यांच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. त्या आठवल्या की मला वाटतं, एवढ्या चपळ कुस्त्या धरायला कॅमेऱ्यालाच तालीम करावी लागली असती.

शिकून होतं का? होतं, वेळ दिला तर. 'मेट्रिक्स' १९९९ला आला, त्यासाठी हाँगकाँगच्या युएन वो-पिंगने कियानू रीव्ह्जला कित्येक महिने आधीपासून घासलं. तो काही मार्शल आर्टवाला नव्हता. त्या पिक्चरमध्ये त्याचा डबल होता चाड स्टाहेल्स्की. पंधरा वर्षांनी तोच स्टाहेल्स्की कियानूच्याच 'जॉन विक'चा दिग्दर्शक झाला आणि त्याने लांबच लांब शॉट घेतले, कारण कियानूला कट न करता किती वेळ लढता येतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? 'दंगल'च्या पोरींना कृपाशंकर बिश्नोईंसारख्या कुस्तीच्या प्रशिक्षकाने महिनोन् महिने मातीत आणि मॅटवर लोळवलं. त्यामुळे त्या पिक्चरमधली कुस्ती आपल्याकडच्या पारावरही पास झाली, आणि हे सर्टिफिकेट सेन्सॉर बोर्डापेक्षा कडक आहे. आपला नाना पाटेकर १९९१च्या 'प्रहार'साठी मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर राहून खरं लष्करी ट्रेनिंग करून आला होता. त्याची चाल बघ. तो उभा राहतो तेव्हाच कळतं की या माणसाला कुणीतरी पहाटे चारला उठवलंय.

ज्यांना एवढा वेळ नसतो त्यांच्यासाठी कट असतात. दर सेकंदाला कॅमेरा बदलत असेल तर समज की कुणाचं तरी गुडघं झाकलं जातंय. 'टेकन'च्या तिसऱ्या भागात लियम नीसन जाळीच्या कुंपणावरून उडी मारतो त्याला डझनाहून जास्त कट आहेत. पहिल्या भागात हाच माणूस मला पूर्ण पटला होता, कारण तिथं त्याच्या आवाजातच धाक होता. बाकी चोरवाटा आम्हीच शिकवलेल्या आहेत. सेकंदाला २४ऐवजी २२ किंवा २० फ्रेमने शूट केलं की हात चलाख दिसतात. त्याहून फ्रेम कमी केल्या की चार्ली चॅप्लिन होतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, खरेपणा म्हणजे वास्तव नव्हे. देगलूर-बिलोलीकडची, आपल्या उदगीरची पोरं तेलुगू पिक्चर बघत वाढतात. तिथं हिरोने जीपला लाथ मारली तर जीप उडते आणि कुणी हसत नाही. रजनीकांत सिगारेट हवेत उडवून तोंडात झेलतो त्याआधीच त्याने तुमच्याशी करार केलेला असतो, की इथं माझा कायदा चालेल. महेश कोठारेंचा 'धडाकेबाज' १९९०ला आला तेव्हा आम्ही पोरं कवट्या महाकाळला घाबरायचो आणि इन्स्पेक्टरच्या ठोशांना शिट्ट्याही मारायचो. ते ठोसे खरे आहेत का हे विचारायचं सुचलंच नाही, कारण शेजारी लक्ष्या होता. पिक्चरने जो कायदा पहिल्या दहा मिनिटांत सांगितला तो शेवटपर्यंत पाळला की झालं. तुझी फिल्म सुरू होते दुष्काळाने, कोरड्या विहिरीने, बापाच्या कर्जाने, आणि चौदाव्या मिनिटाला तू एका ठोशात माणूस कडब्याच्या गंजीवर उडवतोस. जिथं विहिरीला पाणी नाही तिथं माणसं उडत नसतात.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. तू फाइट संपल्यावर चार ओळींचा डायलॉग एका दमात बोललास. पाच जणांशी झुंजलेल्या माणसाला 'आई' म्हणायलाही दोनदा श्वास घ्यावा लागतो. बंदूक उडवताना तुझे डोळे मिटलेत, भल्याभल्यांचे मिटतात, त्यावर मेहनत लागते. पळताना तुझे तळहात पंख्यासारखे उघडे आहेत. काठी तू वेताच्या छडीसारखी फिरवतोस, तिला वजन आहे हे हाताला आठवलं पाहिजे. ऐतिहासिक पिक्चरमध्ये हाच रोग तलवारींना होतो. ॲल्युमिनियमची हलकी तलवार घेऊन नट नुसतं मनगट फिरवतात. आमचे एक मास्टर रिहर्सलला लोखंडी पहार द्यायचे आणि शूटिंगच्या दिवशीच तलवार हातात द्यायचे, तोवर खांद्याला वजनाची सवय झालेली असायची.

आता कामाचं. पहिलं, ती क्लिप आवाज बंद करून बघ. सगळा 'ढिशूम' काढून टाकल्यावर किती ठोसे उरतात ते मोज. मग मोबाईलच्या स्क्रीनचा वरचा भाग हाताने झाक आणि फक्त पाय बघ. कमरेखालचं बघून कोण मारतोय आणि कोण खातोय हे कळायला हवं. तुझ्या क्लिपमध्ये मला पाच जणांचे पाय कळले, तुझे कळले नाहीत.

दुसरं, दोन महिने ठोसा मारायचा नाही, फक्त पडायचं. आमच्या वस्तादांनी मला तालमीत पहिले कित्येक महिने डाव शिकवलाच नाही, नुसतं पाडलं. मी एकदा विचारलं, वस्ताद, मी कधी पाडू? तर म्हणाले, "पडायचं भ्या गेलं की सांग." मुंबईत रिकामी खोकी रचून वर गादी टाकून आम्ही त्यावर पडायचो, तू हिवाळ्यात शेतात कडब्यावर पड. पण एकटा पडू नको, आणि मान आत घ्यायला शिकल्याशिवाय मागं पडू नको.

तिसरं, एखाद्या सकाळी उदगीरच्या मोंढ्यात जाऊन बस. हमाल पोतं कसं उचलतो ते बघ. आधी पाय रुंद होतात, मग बूड खाली जातं, टाच दाबली जाते, आणि पोतं पाठीवर आलं की पहिलं पाऊल नेहमी थोडं तिरकं पडतं. त्या तिरक्या पावलात जेवढी ताकद दिसते तेवढी तुझ्या अठरा मिनिटांत कुठं नाही. त्यांच्यातल्या कुणाला जिमचं नावही माहीत नसेल. चहा पाज आणि एक पोतं स्वतः उचलून बघ, अर्धं भरलेलं.

मग लातूरला ये. पातळ तळव्याचे बूट घाल, ते जाड सोलचे नकोत. आणि त्या पाच जणांनाही घेऊन ये. त्यातला लाल टी-शर्टवाला पोरगा, ज्याला तू शेवटी गंजीवर टाकलंस, तो फार सुरेख पडतो. त्याला कुणी शिकवलं ते विचार, आणि मी बघेपर्यंत त्याच्याकडून शिकायला लाग.